डुक्कर कोणाचं, पैसे कोणाला?

अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या वायव्य कोपऱ्यात सू काउंटी आहे. 1870च्या सुमारास डच शेतकऱ्यांनी वसवलेला हा मुलूख. 2020च्या जनगणनेत इथली माणसं भरली जेमतेम 36 हजार. डुकरं मात्र दहा लाखांच्या वर. महासाथीत वॉशिंग्टनहून शेतीसाठी निघालेल्या पैशाचं माप कसं ठरलं, ते इथे स्पष्ट दिसतं.

इथून तासाभरावर, सू फॉल्स शहरात डुकराच्या मांसाचा एक प्रचंड कारखाना आहे. तिथल्या सुमारे 3,600 कामगारांपैकी नऊशेहून अधिक जणांना कोरोना झाला. 12 एप्रिल 2020 रोजी कारखाना बेमुदत बंद झाल्याचं जाहीर झालं. पाठोपाठ इतर राज्यांतलेही बंद पडले. डुकराचं वजन रोज किलोभर वाढतं आणि शेडमध्ये पुढची पिल्लं यायची वेळ ठरलेली असते. कत्तलखानाच बंद, तर तयार माल ठेवायचा कुठे? आयोवा-मिनेसोटात अनेकांना धडधाकट जनावरं मारून पुरावी लागली. तेल गडगडलं, लोकांच्या गाड्या दारात उभ्या राहिल्या, तशी मक्यापासून बनणाऱ्या इथेनॉलची मागणी घटली आणि मक्याचा भावही पडला.

17 एप्रिलला कृषिमंत्री सनी पर्ड्यू यांनी 1,900 कोटी डॉलरची योजना जाहीर केली. त्यातले 1,600 कोटी थेट शेतकऱ्यांच्या खात्यात जायचे होते. दर नगावर ठरले. 15 जानेवारी ते 15 एप्रिल या काळात विकलेल्या मोठ्या डुकरामागे 18 डॉलर, त्यानंतर शेडमध्ये असलेल्या प्रत्येक डुकरामागे 17, मक्याला बुशेलमागे साधारण साडेतेहतीस सेंट. एका व्यक्तीला कमाल अडीच लाख डॉलर. तीन कसते भागीदार असलेल्या कंपनीला साडेसात लाखांपर्यंत. सप्टेंबरात दुसरी फेरी निघाली, तेव्हा डुकराचा दर 23 डॉलर झाला. दोन्ही फेऱ्यांत मिळून 3,000 कोटींहून अधिक डॉलर वाटले गेले.

वाटपाचं काम काउंटीतल्या शेती सेवा कार्यालयाकडे होतं. शेतकऱ्यांनीच निवडून दिलेली समिती असलेली ही कार्यालयं तेव्हा बाहेरच्यांना बंद होती. काम फोनवर चाले. जनावरांचा आकडा शेतकऱ्याने स्वतः प्रमाणित करायचा, कागदपत्रं मागितली तरच दाखवायची. पैसे लवकर मिळाले ते त्यामुळेच.

पण कोणाला? इथली बरीच डुकरं करारावर वाढतात. पिल्लं, खाद्य, औषधं कंपनीची. शेड, त्यावरचं कर्ज आणि रात्रंदिवसाची मेहनत शेतकऱ्याची. ब्रॉयलर कोंबड्या सांभाळणाऱ्या आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे गणित समजावून सांगायला नको. भावाची जोखीम ज्याची, त्यालाच मदत, असा नियम होता. म्हणजे शेड रिकामी राहून ज्याचं कंपनीकडून मिळणारं भाडं बुडालं, त्याच्या नावावर एकही डुक्कर नव्हतं आणि म्हणून पैसाही नव्हता.

मदत मालकाला, राबणाऱ्याला नाही, ही रीत जुनी आहे. 1933 साली आयोवाचेच हेन्री वॉलेस कृषिमंत्री असताना भाव सावरण्यासाठी सरकारने सुमारे 60 लाख पिल्लं विकत घेऊन मारली. 2020च्या योजनेला ज्याने पैसा पुरवला, ते कमोडिटी क्रेडिट महामंडळही त्याच वर्षीचं. त्या काळात कापसाचं पीक कमी करण्याबद्दलची भरपाई दक्षिणेत बहुतांशी जमीनमालकांनी ठेवून घेतली, बटाईदार देशोधडीला लागले; 1934 साली आर्कान्सामध्ये त्यांना संघटना उभारावी लागली.

2020च्या डिसेंबरातल्या कायद्याने चूक थोडी दुरुस्त केली. करारावरच्या पशुपालकांसाठी 100 कोटी डॉलरपर्यंत तरतूद झाली, बुडालेल्या उत्पन्नाच्या 80 टक्क्यांपर्यंत. शेतमजूर आणि मांसकारखान्यांतले कामगार यांच्यासाठीची योजना सप्टेंबर 2021 मध्ये जाहीर झाली: माणशी 600 डॉलरपर्यंत, तेही संस्थांमार्फत. पहिल्या फेरीतल्या शेडमधल्या डुकराचा दर धरला, तर ही रक्कम 35 डुकरांएवढी भरते.