लगडलेल्या मिरचीचं बी ठेवावं का?

आजचा प्रश्न साधा आहे. मिरचीच्या रानात एक झाड शेजारच्यांपेक्षा दुप्पट लगडलंय. त्याचंच बी धरलं, तर पुढच्या वर्षी सगळं रान तसंच लगडेल का?

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मी आधी विचारतो की हा फरक आला कुठून? जनुकांतून, की झाड ठिबकच्या नळीजवळ होतं म्हणून? एकट्या झाडावरून हे कळत नाही. म्हणून पैदासकार प्रत्येक वाण शेतात दोन-तीन ठिकाणी, चिठ्ठ्या टाकून जागा ठरवून लावतात. एकाच वाणाच्या तुकड्यांमध्ये दिसतो तो फरक जमीन-पाण्याचा. वाणावाणांत त्याच्यावर जो जास्तीचा फरक उरतो, तो जनुकांचा. समजा एकूण फरक 100 आणि त्यातला 40 जनुकांचा, तर आनुवंशिकता 40 टक्के.

मग जास्त उत्पादनाचंच झाड निवडायचं ना? इथेच गोची आहे. उत्पादन म्हणजे फांद्या, फळांची संख्या, फळाचं वजन या सगळ्यांचा हिशोब, आणि प्रत्येक टप्प्यावर हवामान ढवळाढवळ करतं. त्यामानाने फळाची लांबी किंवा वजन जनुकांशी जास्त इमानदार असतं. पण फळं वाढली की एकेक फळ बरेचदा हलकं होतं. एक दोरी ओढली की दुसरी सैल पडते. कोणती दोरी उत्पादनाला थेट ओढते आणि कोणती दुसरीच्या मार्फत, हे वेगळं काढायला पाथ अ‍ॅनालिसिस वापरतात. ही पद्धत सिवॉल राइट यांची, 1921 सालच्या लेखातली.

बरं, जनुकांचे ते 40 सुद्धा पूर्ण पुढे जात नाहीत. काही गुण जनुकांच्या विशिष्ट जोडीमुळे दिसतात आणि बी धरताना ती जोडी फुटते. संकरित मिरचीचं घरचं बी एकसारखं येत नाही, ते यामुळेच. त्यात मधमाश्या शेजारच्या वाणाचे परागकण आणतात, ते वेगळंच.

मग करायचं काय? बी सरळ वाणाचंच धरा. एकाच झाडावर न भुलता रानाच्या वेगवेगळ्या भागांतून, त्या-त्या जागी शेजाऱ्यांपेक्षा सरस असलेली निरोगी झाडं निवडा. कळ्या उमलायच्या आधी फांदीला बारीक जाळीची पिशवी बांधा. प्रत्येक झाडाचं बी वेगळ्या पाकिटात ठेवा आणि पुढच्या वर्षी वेगळ्या ओळीत लावा. जी ओळ पुन्हा लगडेल, ते झाड खरं. बाकीच्यांना कदाचित पाणीच जास्त मिळालं होतं!

भेटूया पुढच्या भागात.