दोघांचेही विजय ९४, मग डिव्हिजन टोरांटोची कशी? बेसबॉलमधलं गणित समजून घ्या

२८ सप्टेंबर २०२५, रविवार. अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलच्या साखळी सामन्यांचा शेवटचा दिवस. टोरांटो ब्लू जेजने घरच्या मैदानावर टॅम्पा बे रेजला १३-४ असं धुतलं. तिकडे न्यूयॉर्क यँकीजनेही बाल्टिमोरला ३-२ ने हरवलं. १६२ सामन्यांनंतर दोन्ही संघांच्या नावावर ९४ विजय आणि ६८ पराभव. फळ्यावर आकडे अगदी सारखे, तरी शॅम्पेन टोरांटोच्या खोलीत उडाली आणि यँकीजना दोनच दिवसांनी पुन्हा मैदानात उतरावं लागलं.

आपल्या भागातली कितीतरी मुलं आज टोरांटो, मिसिसॉगा, ब्रॅम्प्टनला शिकायला किंवा नोकरीला आहेत. ब्लू जेज हा मेजर लीगमधला कॅनडाचा एकमेव संघ, त्यामुळे त्या ऑक्टोबरात निळ्या टोप्या घातलेले त्यांचे फोटो अनेकांच्या फोनवर आले असतील. पण डिव्हिजन जिंकली म्हणजे नेमकं काय जिंकलं, हे क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला पटकन उमगत नाही. कप तर अजून कुणालाच मिळालेला नसतो, मग एवढा जल्लोष कशाला?

रचना अशी आहे. एकूण ३० संघ, अमेरिकन लीग आणि नॅशनल लीग अशा दोन लीगमध्ये १५-१५. प्रत्येक लीगमध्ये पूर्व, मध्य आणि पश्चिम अशा तीन डिव्हिजन, एकेका डिव्हिजनमध्ये पाच संघ. मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत जवळजवळ रोज सामना. प्रत्येक लीगमधून सहा संघ प्लेऑफला जातात: तीन डिव्हिजनचे तीन विजेते, आणि उरलेल्यांत सर्वाधिक विजय असलेले तीन, ज्यांना वाइल्ड कार्ड म्हणतात. या सहांपैकी पहिल्या दोन क्रमांकांच्या डिव्हिजन विजेत्यांना पहिली फेरी माफ. बाकीच्या चौघांना तीन सामन्यांची छोटी मालिका खेळावी लागते आणि ती सगळी वरच्या क्रमांकाच्या संघाच्या मैदानावर होते.

टोरांटोचं प्लेऑफचं तिकीट २१ सप्टेंबरलाच पक्कं झालं होतं, कॅन्सस सिटीला हरवल्यावर. त्या दिवशीही शॅम्पेन उडाली. (अमेरिकन बेसबॉलवाले यात काटकसर करत नाहीत. प्लेऑफ नक्की झालं की एकदा, डिव्हिजन मिळाली की पुन्हा, आणि पुढची प्रत्येक फेरी जिंकली की परत. भिंतींना प्लास्टिक लावलेलं, खेळाडूंच्या डोळ्यांना गॉगल. आपले पेढे बरे.) पण त्यानंतर संघ घसरला आणि मागून येणाऱ्या यँकीजनी शेवटचे आठच्या आठ सामने जिंकले. टोरांटोची आघाडी विरघळली, दोघे बरोबरीत आले. शेवटचे चार सामने ओळीने जिंकले म्हणून टोरांटो निदान बरोबरीत तरी राहिला.

आता बरोबरी कशी फोडायची? आयपीएलमध्ये अशा वेळी नेट रनरेट काढतात. बेसबॉलमध्ये पूर्वी सरळ एक जादा सामना खेळवायचे. १९९५ साली सिॲटल आणि कॅलिफोर्निया एंजल्स असेच बरोबरीत राहिले होते आणि सिॲटलने तो एक सामना ९-१ ने जिंकून डिव्हिजन घेतली होती. २०२२ पासून ही पद्धत बंद झाली. आता पहिल्यांदा बघतात ते एकमेकांविरुद्धचे निकाल. टोरांटो आणि न्यूयॉर्क वर्षभरात १३ वेळा समोरासमोर आले, त्यात टोरांटो ८, न्यूयॉर्क ५. विषय संपला.

म्हणजे डिव्हिजनचा निकाल सप्टेंबरच्या त्या रविवारी जाहीर झाला, पण तो लागला होता बऱ्याच आधी. ३० जून ते ३ जुलै या चार दिवसांत यँकीज टोरांटोला आले आणि चारही सामने हरून गेले. मधला १ जुलैचा सामना तर कॅनडा दिनाचा, आणि त्यात जॉर्ज स्प्रिंगरने एकट्याने सात रन आणून दिले. त्या आठवड्यात हंगाम निम्म्यावर आला होता, आणि आदल्या वर्षी ७४ विजयांसह डिव्हिजनमध्ये तळाला असलेल्या संघाकडून कुणाच्या फार अपेक्षाही नव्हत्या. टोरांटोने याआधी डिव्हिजन जिंकली होती ती २०१५ मध्ये. लांबलचक साखळीत जुलैतला एखादा सामना म्हणजे काय, असं वाटतं. त्या चारातला एक जरी उलटा गेला असता तरी टोरांटोची एकूण बेरीज ९३ झाली असती आणि यँकीजची ९५.

पण खरा मुद्दा पुढे आहे. सुट्टी मिळाली, तर त्यात एवढं काय मिळालं? इथे पिचर काय चीज आहे ते समजून घ्यावं लागतं. क्रिकेटमध्ये गोलंदाज आज दहा षटकं टाकून परवा पुन्हा खेळू शकतो. बेसबॉलमध्ये सामना सुरू करणारा पिचर नव्वद-शंभर चेंडू पूर्ण ताकदीने फेकतो, आणि मग चार-पाच दिवस त्याचा हात कामाचा नसतो. म्हणून संघाकडे असे पाच जण असतात, आळीपाळीने. साखळीत हे चालतं. प्लेऑफमध्ये मात्र कोणता पिचर कोणत्या तारखेला ताजा आहे, यावर अर्धी मालिका ठरते.

यँकीजचं काय झालं बघा. वाइल्ड कार्ड फेरीत गाठ पडली बोस्टनशी. ३० सप्टेंबरला त्यांनी आपला हुकमी मॅक्स फ्रीड लावला, तरी हरले. १ ऑक्टोबरला कार्लोस रोडॉन, जिंकले. २ ऑक्टोबरला नवखा कॅम श्लिटलर, त्याने आठ इनिंग्जमध्ये १२ जणांना स्ट्राइकआउट केलं आणि बोस्टनला एकही रन दिला नाही. मालिका २-१ ने खिशात. पण तिन्ही चांगले हात वापरून झाले होते, आणि टोरांटोत पाच सामन्यांची पुढची मालिका ४ ऑक्टोबरला सुरू होत होती. पहिल्या सामन्याला मग लुईस खिलला उभं करावं लागलं. तो तीन इनिंग्जही टिकला नाही. पहिल्याच इनिंगमध्ये व्लादिमीर गुरेरो ज्युनियरने त्याला होमरन मारला, आणि यँकीज तो सामना १-१० ने हरले.

टोरांटोकडे त्याच वेळी पाच दिवस मोकळे होते. पाच दिवसांत संघ काय करतो? दुखणी बरी करतो, आपापसात सराव सामने खेळून बॅटरचा डोळा बसता ठेवतो, आणि २६ जणांची यादी बनवतो. सप्टेंबरात संघात २८ जण चालतात, प्लेऑफला २६च. यादी प्रत्येक फेरीला नव्याने देता येते, पण फेरीच्या मध्येच कुणी जखमी म्हणून बदलला तर तो पुढच्या फेरीलाही बाहेर. त्यामुळे अर्धवट बऱ्या झालेल्या खेळाडूवर डाव लावणं महागात पडू शकतं. टोरांटोचा शॉर्टस्टॉप बो बिशेट ६ सप्टेंबरला न्यूयॉर्कमध्येच होमप्लेटवर कॅचरला धडकून गुडघा दुखावून बसला होता, तो बाहेर राहिला. ४१ वर्षांचा मॅक्स शर्झर, ज्याच्या नावावर सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार तीनदा आहे, त्यालाही या फेरीतून वगळलं. आणि घेतलं कुणाला? २२ वर्षांच्या ट्रे येसाव्हेजला. हा मुलगा त्या वर्षी खालच्या लीगमधून एकेक पायरी चढत आला होता आणि मोठ्या मैदानावर पहिल्यांदा उतरला तो १५ सप्टेंबरला.

मॅनेजर जॉन श्नायडरचा हा निर्णय मला सगळ्यात धाडसी वाटतो. दुसऱ्या सामन्यात, म्हणजे आयुष्यातल्या चौथ्याच मेजर लीग सामन्यात, येसाव्हेजने यँकीजना साडेपाच इनिंग्जच्या आसपास एकही हिट दिला नाही आणि ११ जणांना स्ट्राइकआउट केलं. गुरेरोने त्याच सामन्यात तिन्ही बेस भरलेले असताना होमरन मारला. १३-७. तिसरा सामना यँकीजनी घरी जिंकला, चौथा टोरांटोने ५-२ ने घेतला आणि मालिका ३-१ ने संपवली.

सुट्टी मिळाली की सगळं सुरळीत होतं, असंही समजू नका. २०२३ मध्ये अटलांटाने १०४, बाल्टिमोरने १०१ आणि लॉस एंजलिस डॉजर्सने १०० सामने जिंकून विश्रांती मिळवली होती, आणि तिघेही पहिल्याच मालिकेत घरी गेले. रोज खेळायची सवय असलेल्या बॅटरला पाच दिवस बसवलं की हात गंजतो, असं तेव्हा पुष्कळांनी म्हटलं. उलट बाजूही आहे. डिव्हिजन जिंकूनही सुट्टी मिळतेच असं नाही, कारण तिसऱ्या क्रमांकाच्या विजेत्याला वाइल्ड कार्ड फेरी खेळावीच लागते. २०२५ मध्ये क्लीव्हलँडने साडेपंधरा सामन्यांची पिछाडी भरून काढून डेट्रॉइटकडून डिव्हिजन हिसकावली. मग त्याच डेट्रॉइटशी पहिल्या फेरीत गाठ पडली आणि ते १-२ ने हरले. नॅशनल लीगमध्ये डॉजर्सही तिसऱ्या क्रमांकावर होते. ते मात्र सिनसिनाटीला दोन सामन्यांत गुंडाळून पुढे निघाले.

टोरांटोने पुढच्या फेरीत सिॲटलला सात सामन्यांत हरवलं. त्या मालिकेत वगळलेला शर्झर परत आला आणि चौथा सामना जिंकून दिला. सातव्या सामन्यात स्प्रिंगरच्या तीन रनांच्या होमरनने ४-३ असा निकाल लागला. १९९३ नंतर टोरांटो पहिल्यांदा वर्ल्ड सिरीजमध्ये पोहोचला. समोर डॉजर्स.

वर्ल्ड सिरीजमध्ये घरचं मैदान ज्याचे साखळीतले विजय जास्त त्याला मिळतं. टोरांटो ९४, डॉजर्स ९३. एका विजयाचा फरक, म्हणून सातवा, निर्णायक सामना १ नोव्हेंबरला टोरांटोत झाला. गुडघ्यातून सावरलेल्या बिशेटने शोहेई ओहतानीला तीन रनांचा होमरन मारला तेव्हा सगळं जुळून आल्यासारखं वाटलं. पण नवव्या इनिंगमध्ये डॉजर्सनी बरोबरी साधली, आणि मग त्यांनी पिचर आणला योशिनोबू यामामोटो, जो आदल्याच रात्री सहावा सामना सुरू करून ९६ चेंडू फेकून आला होता. त्याने शेवटच्या अडीचेक इनिंग्ज काढल्या. अकराव्या इनिंगमध्ये विल स्मिथने होमरन मारला आणि टोरांटो घरच्या मैदानावर ४-५ ने हरला.