एका शब्दाचा फेर, एका पानाचा घोळ

‘एवढ्या-तेवढ्याने काय बिघडतं?’ हा प्रश्न चंद्रपूर-गडचिरोलीत विचारायची सोय नाही. इथे कायद्यातल्या एका शब्दावर गावाचा बांबू अडतो आणि पायाखालची वाळू सरकली की धरणाचा खांब खचतो. काटेकोरपणाचे हे काही जंगली किस्से.

गवत की झाड?
वनस्पतिशास्त्र सांगतं, बांबू हे गवत. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने मात्र कलम २(७) मध्ये त्याला ताडामाडांसोबत ‘झाडा’त बसवलं. मग आला २००६ चा वनहक्क कायदा. त्यात बांबू गौण वनोपज, म्हणजे तेंदू आणि मधाच्या पंगतीत. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. गावाने बांबू विकायचं ठरवलं, पण वाहतूक परवाना काही मिळेना. जंगल गावाचं, बांबू गावाचा, तरी गाडी गावाबाहेर निघायची नाही! अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश मेंढ्यात आले आणि परवान्यांचं पुस्तकच ग्रामसभेच्या हाती देऊन गेले. १९२७ च्या व्याख्येतून ‘बांबू’ हा शब्द निघायला मात्र नोव्हेंबर २०१७ उजाडलं. शब्द एकच, पण तो काढायला नव्वद वर्षं लागली.

सत्तर म्हणजे सत्तरच
उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचा हंगाम आला की अख्खं घर पानं मोजायला बसतं. महाराष्ट्रात ७० पानांचं एक पुडकं आणि १,००० पुडक्यांची एक स्टँडर्ड बॅग. म्हणजे एका बॅगेत ७०,००० पानं, आणि मोजणी सगळी बोटांवर. पुडक्यामागे एकच पान कमी-जास्त झालं, तर बॅगेमागे हजार पानांचा फरक पडतो. हजार पानं म्हणजे चौदा पुडकी आणि वर काही पानं! तोटा कधी मजुराचा, कधी ठेकेदाराचा.

ओंडका गोल, हिशेब चौकोनी
बल्लारपूरच्या सागवानाचं नाव देशभर. पण आपल्याकडे गोल ओंडका मोजायची रूढ रीत गमतीची आहे: घेराचा चौथा हिस्सा घ्या, त्याचा वर्ग करा आणि लांबीने गुणा. १२० सेंटिमीटर घेराचा ३ मीटर ओंडका या रीतीने भरतो ०.२७ घनमीटर. शुद्ध भूमितीने तोच ०.३४४. जवळजवळ साडेएकवीस टक्के लाकूड कागदावरून गायब! चोरी नव्हे, सूत्रच तसं. मोजमाप कोणत्या रीतीचं हे लिहिलं नसेल, तर आकडा कितीही अचूक असला तरी भांडण ठरलेलंच.

दोन बाजूंचा वाघ
ताडोब्यात वाघ मोजताना कॅमेरे जोडीने, समोरासमोर लावतात. कारण वाघाच्या डाव्या अंगावरचे पट्टे उजव्या अंगावरच्या पट्ट्यांशी जुळत नाहीत. कॅमेरा एकाच बाजूला असेल, तर आज डावीकडून टिपलेला आणि उद्या उजवीकडून टिपलेला वाघ एकच की दोन, हे सांगणार कोण?

दहा श्वास, एक मणी
दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त श्वास घेत असेल, तर न्यूमोनियाची शंका घ्यायची. पण जिची मोजणी दहा-बाराच्या पुढे जात नाही, त्या दाईने साठ मोजायचे कसे? गडचिरोलीतल्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने साधन काढलं: मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत सहावा, म्हणजे लाल मणी सरकवायची वेळ आली, तर बाळ धोक्यात. माणसाला पाढे शिकवण्यापेक्षा यंत्रालाच माणसाची मोजणी शिकवली.

पन्नासचा ताल
चंद्रपूरच्या २,९२० मेगावॅटच्या औष्णिक केंद्रात टर्बाइन मिनिटाला ३,००० फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला ५०. आपल्या विजेची वारंवारताही तेवढीच, ५० हर्ट्झ. देशाची पश्चिम आणि दक्षिण ग्रिड दोन्ही पन्नाशीतच, तरी एकमेकींच्या तालात नव्हत्या. म्हणून भद्रावतीला एकाच आवारात एसी विजेची डीसी आणि डीसीची पुन्हा एसी करून ती पलीकडे धाडायची सोय झाली. दक्षिण ग्रिड उरलेल्या देशाच्या तालात आली ती थेट ३१ डिसेंबर २०१३ ला.

चार मीटर आणि मूठभर वाळू
प्राणहितेवरच्या तुम्मिडीहट्टी बंधाऱ्याची पाणीपातळी १५२ मीटर की १४८? कागदावर फरक चारच मीटरचा, पण पाणी चढणार होतं ते चंद्रपूर-गडचिरोलीच्या शेतांवर. ऑगस्ट २०१६ च्या आंतरराज्य करारात १४८ वर शिक्कामोर्तब झालं आणि गोदावरीवरच्या मेडीगड्ड्याची पातळी १०० मीटर ठरली.

पातळीवर असा मीटरमीटरचा कीस पडला. घात झाला तो तळाशी. सिरोंच्याजवळच्या या ८५ दरवाजांच्या मेडीगड्डा बॅरेजचं उद्घाटन जून २०१९ मध्ये झालं आणि २१ ऑक्टोबर २०२३ रोजी सातव्या ब्लॉकचे खांब खचले. राष्ट्रीय धरण सुरक्षा प्राधिकरणाच्या समितीला दिसलं, की पायाखालची वाळू पाण्याबरोबर वाहून गेली होती. अभियंते याला ‘पायपिंग’ म्हणतात. नियोजन, आराखडा, गुणवत्ता आणि देखभाल, या चारही खात्यांवर समितीने बोट ठेवलं.

तारीख पक्की, पुरावा मोकळा
वनहक्काचा दावा करणारा आदिवासी असेल, तर १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवायचा. इतरांनी त्याआधीच्या तीन पिढ्या दाखवायच्या. पिढी म्हणजे किती, हेही कायद्याने सांगून टाकलं: २५ वर्षं. म्हणजे मागे जायचं थेट १९३० पर्यंत! तेव्हाचा कागद जंगलातल्या कुणाकडे असणार? म्हणून नियमांनी पुराव्यांची यादी मोकळी ठेवली. शेताचा बांध चालतो, मसणवट चालते, दावेदार नसलेल्या म्हाताऱ्याचा लिहून घेतलेला जबाबही चालतो. अट एवढीच, की पुरावे किमान दोन हवेत. तेव्हा आजोबांचा जबाब घेऊन झाला असेल, तर बांधाचा नकाशाही आजच काढून घ्या.