ऑर्गनवाल्याचे पाय

नाटक पाहून घरी परतलेल्या माणसाला विचारा, नायिकेचा शालू कोणत्या रंगाचा होता? तो चटकन सांगेल. तबल्यावर कोण होते, हेही आठवून सांगेल. पण ऑर्गन वाजवणाऱ्याच्या पायांत काय होते असे विचाराल, तर तो तुमच्याकडे जरा संशयानेच पाहील. मीही तसेच पाहिले असते. पण पंचवीसएक वर्षांपूर्वी पौषातल्या एका रात्री हा प्रश्न माझ्याच पायाशी आला आणि तेव्हापासून मी संगीत नाटकाला गेलो, की आधी ऑर्गनखाली डोकावतो!

ही रात्र झाडीपट्टीतली. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांच्या जंगलमुलखाला ‘झाडी’ म्हणतात. धानाची कापणी उरकली, दिवाळी झाली, की येथे नाटकांचा हंगाम सुरू होतो. वैनगंगेकाठचे वडसा म्हणजे देसाईगंज, हे या नाटकमंडळ्यांचे माहेरघर. गावोगाव मंडई भरते, लेकी-जावयांना बोलावणी जातात आणि रात्री उशिरा वर गेलेला पडदा उजाडायच्या सुमारास खाली येतो. दंडार आणि खडी गंमत या जुन्या लोकप्रकारांच्या मातीतच ही रंगभूमी रुजली. तिचे एक नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा शहरातल्या पुष्कळांनी झाडीपट्टीचे नाव प्रथमच ऐकले.

माझे मामा अशाच एका मंडळीत ऑर्गन वाजवीत. सुट्टीत त्यांच्याकडे राहून मीही थोडाफार शिकलो होतो. त्या रात्री दुसऱ्या अंकाला त्यांनी मला पेटीवर बसवले. मी ऐटीत होतो. पायांत दिवाळीला घेतलेले जाड तळव्याचे, कोरे करकरीत कातडी बूट होते. पहिलेच पद सुरू झाले आणि बूट तालात कुरकुरू लागले! शेजारी ध्वनिक्षेपक. पुढच्या रांगेतली पोरे खिदळली. मी घाईघाईने बूट काढले आणि नुसत्या मोज्यांवर भाता मारू लागलो.

पुढचे पद एका नवख्या मुलीचे होते. तिचे ते पहिलेच नाटक. तिने वरचा षड्ज लावला आणि नेमका त्याच क्षणी माझा मोजा गुळगुळीत पायट्यावरून सटकला. दुसऱ्या पायाला पेटके आलेले. भात्यातली हवा संपली आणि स्वर विझला. ती पोर एवढ्या मोठ्या मांडवात तो षड्ज एकटीच धरून उभी राहिली. तेवढ्यात शेजारून मामांचा अनवाणी पाय आला, माझ्या पायाला बाजूला सारून पायट्यावर पडला आणि ऑर्गन पुन्हा बोलू लागला. अंक संपल्यावर ती मुलगी रागावली नाही. तिने एवढेच विचारले, “दादा, स्वर कुठे गेला होता?” मला उत्तर देता आले नाही. मामा मात्र म्हणाले, “बापू, हाताले शिकवलं तू. पायाले पेटी समजू दे आधी.”

पायाला पेटी समजायची म्हणजे काय? आपल्या घरातल्या बाजाच्या पेटीला हाताचा भाता असतो. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ यांनी १८४२ च्या सुमारास हार्मोनियमचा हक्क नोंदवला, तेव्हा ते वाद्य पायानेच चालत असे. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिला हाताचा भाता देऊन जमिनीवर बसवले. पण हाताचा भाता मारताना एक हात अडकतो. ऑर्गनवर दोन्ही हात स्वरांना मोकळे राहतात आणि सारे ओझे पायांवर येते. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले. पुढे गंधर्व नाटक मंडळीच्या काळात बालगंधर्वांच्या गळ्याला ऑर्गनची साथ मिळाली आणि त्या भरदार आवाजाने मराठी कानांना वेड लावले. गोविंदराव पटवर्धनांनी पेटीइतकाच ऑर्गनही गाजवला. तेथे टाळ्या पडल्या त्या बोटांना. राबले ते मात्र पाय!

पायटे दोन असतात. एक पाय दाबत असताना दुसऱ्याने सावकाश वर यायचे. मध्ये खंड पडला तर स्वर लुळा पडतो, आणि धसमुसळेपणा केला तर आवाजाला हिसके बसतात. काही ऑर्गनांना गुडघ्याने ढकलायचे दांडेही असतात; त्यांनी आवाज लहानमोठा होतो. म्हणजे जोड्याचा तळवा बोटभर जाड झाला, की गुडघाही तितकाच वर चढतो आणि दांडा चुकतो. माझे त्या रात्री हेही होत होते. पण कुरकुरीच्या गोंधळात ते मला कळले नव्हते.

अशा वेळी पायांत घालावे तरी काय? अनवाणी पायाला पायटा उत्तम कळतो, पण रात्रभर वाजवायचे आणि बाहेर दव पडत असेल, तर बोटे बधिर होतात. नुसता मोजा घसरतो. चपलेची टाच मागून टपटप वाजते. कातडी बूट टणक. आणि हल्लीचे पळायचे फुगीर जोडे म्हणजे तर गादीवर उभे राहून जमीन चाचपण्यासारखे! चांगला तो साधा कापडी, बंद जोडा: हलका, सपाट, पातळ रबरी तळव्याचा. बोटांपाशी सहज वाकणारा, टाचेला घट्ट आणि चवड्याला मोकळा. तो संध्याकाळी विकत घ्यावा, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो आणि जागरणात आणखी सुजतो. जाड मोजा घालूनच मापून पाहावा. दुकानात चालून पाहणे पुरेसे नाही. स्टुलावर बसून टाच टेकवावी आणि चवडा शंभरदा खालीवर करावा. कुठे बोचले, वाजले किंवा सुटले, तर तो जोडा परत ठेवावा. घरी आल्यावर स्टुलाची उंचीही त्याच जोड्यानिशी ठरवावी.

ही चिंता एकट्या झाडीची नव्हे. युरोपातल्या चर्चमध्ये मोठा ऑर्गन वाजवणारे वादक पातळ तळव्याचे खास जोडे वापरतात. आपल्याकडे व्हॅन शिपले यांनी जी हवाईयन गिटार लोकप्रिय केली, तिच्याच अमेरिकेतल्या भावंडाला खाली पायटे आणि गुडघ्याचे दांडे असतात. तेथे एकाच पायाने शेजारचे दोन पायटे कधी वेगवेगळे, तर कधी एकदम दाबावे लागतात. त्यामुळे अमुकच जोडा बरा, यावर त्या मंडळींतही गप्पा रंगतात.

मामांचा मात्र आणखी एक नियम होता. वाद्याला पाय लागला तर आपण नमस्कार करतो. मग जे वाद्य पायानेच वाजते, त्याचे काय? ते म्हणत, रस्त्याचा जोडा त्याला लावू नये. त्यांचा कापडी जोडा एका पिशवीत निराळा असे. नटराजाची पूजा झाली, की ते पायट्यांना हात लावून नमस्कार करीत आणि मग तो पायांत चढवीत. त्यात श्रद्धा होती आणि शहाणपणही होते; कारण बांधावरून आलेल्या चिखलाने आणि खड्यांनी पायट्यांवरचे कापड फाटते.

त्या रात्री मामा अनवाणी का होते, हे मला फार उशिरा कळले. मला पेटीवर बसवताना त्यांनी ती पिशवी माझ्या स्टुलाखाली ठेवली होती. नव्या बुटांच्या तोऱ्यात मी ती पाहिलीही नव्हती!

आता पुष्कळ ठिकाणी विजेचा कीबोर्ड आला आहे. त्याला हवा लागत नाही आणि पायही लागत नाहीत. मामाही आता नाहीत. ती पिशवी माझ्याकडे आहे. जोडा मला अर्ध्या बोटाने लहान होतो, म्हणून मी तसाच दुसरा घेतला आहे. अर्थात संध्याकाळी आणि स्टुलावर बसून!