नौकेचा दिवा, भोंगा आणि ‘उजवी बाजू’

रात्री चालणाऱ्या नौकेवरील दिवे वाट उजळण्यासाठी नसतात. ते दुसऱ्या नौकेने वाचावयाचे असतात. किनाऱ्यावर ही गोष्ट सर्वविदित आहे. सह्याद्रीच्या पूर्व उतारावर मात्र तिचा विचार करण्याचे कारण अलीकडचे. आंबेगाव तालुक्यात घोड नदीवर डिंभे येथे धरण झाले आणि ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले ते जुने आंबेगावच त्याच्या फुगवट्याखाली गेले. जेथे भातखाचरे होती तेथे होडी चालू लागली. येथील महादेव कोळी हे मूळचे डोंगरी शेतकरी. ‘कोळी’ हे नाव त्यांना किनाऱ्यावरील सोनकोळ्यांशी जोडीत असले, तरी मासेमारी हा त्यांचा परंपरागत व्यवसाय नव्हे. धरणानंतर त्यांच्यापैकी अनेकांनी तो पत्करला. नाव आणि व्यवसाय यांची ही गाठ विस्थापनाने घातली.

नौकेच्या उजव्या अंगास हिरवा व डाव्या अंगास तांबडा दिवा असावा, असा दंडक ब्रिटिश नौदल खात्याने १८४८ मध्ये आगबोटींना घातला. १९७२ साली ठरलेल्या व १९७७ पासून अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांतही तो कायम आहे. हे दोन्ही दिवे नाकासमोरून आपापल्या बाजूस ११२.५ अंशांपर्यंतच दिसावेत, उरलेल्या १३५ अंशांत पिछाडीचा पांढरा दिवा दिसावा, अशी ही वाटणी आहे. यंत्राच्या नौकेस डोलकाठीवर पुढे आणखी एक पांढरा दिवा लागतो.

परंतु ‘उजवी बाजू’ कोणाची? बोलणाऱ्याची की ऐकणाऱ्याची? डिंभ्याचा उजवा कालवा आणि डावा कालवा हे शब्द या भागात कोणालाही अपरिचित नाहीत. पाहणारा कोठेही उभा असो, प्रवाहाच्या दिशेने तोंड केले असता उजवीकडे येईल तो उजवा कालवा. नौकेचेही तसेच: नाळेकडे तोंड करून जी उजवी, ती सदैव उजवी. इंग्रज खलाशांनी यासाठी स्वतंत्र शब्दच योजिले. जुन्या लस्करांच्या मिश्र बोलीत ‘जमना’ आणि ‘डावा’ असे शब्द रूढ होते. पैकी ‘जमना’ हा गुजराती ‘जमणो’ म्हणजे ‘उजवा’ होय.

बाजू अशी निश्चित झाली की दिवे बोलू लागतात. तांबडा व हिरवा दोन्ही एकदम दिसले तर नौका समोरून येत आहे. यंत्राच्या दोन नौका अशा समोरासमोर आल्यास दोघींनी आपापल्या उजवीकडे वळावयाचे. नुसता तांबडा दिसला तर ती आपल्या उजवीकडून डावीकडे चालली आहे असे समजावे. ती आपल्या उजव्या अंगास असेल तर वाट आपण द्यावयाची. एकटा पांढरा दिवा मात्र ‘येथे कोणी आहे’ एवढेच सांगतो. येणारा की जाणारा, हे सांगत नाही.

धुक्यात दिवा निरुपयोगी ठरतो, आणि ध्वनीचे काम येथे सुरू होते. नियमांतील ऱ्हस्व ध्वनी सुमारे १ सेकंदाचा, दीर्घ ४ ते ६ सेकंदांचा. नौका एकमेकींना दिसत असताना एक ऱ्हस्व म्हणजे ‘मी उजवीकडे वळत आहे’, दोन म्हणजे ‘डावीकडे’. दिसेनाशा झाल्या की व्याकरण पालटते: भोंगा दिशा सांगत नाही, स्थिती सांगतो. चालत्या यंत्रनौकेने जास्तीत जास्त २ मिनिटांच्या अंतराने एक दीर्घ ध्वनी करावा. शिडाच्या किंवा मासेमारी करणाऱ्या नौकेने एक दीर्घ व दोन ऱ्हस्व. छंदःशास्त्राच्या परिभाषेत हा ‘भ’ गण झाला. धुक्यात आवाज नेमका कोठून आला याचा कानाला भरवसा नसतो, म्हणून ही काटकसर योग्यच म्हटली पाहिजे.

हे सागरी नियम समुद्राला व समुद्रगामी नौका जेथवर येऊ शकतात तेवढ्याच पाण्याला लागू आहेत. डिंभ्याचा जलाशय त्यांच्या कक्षेबाहेर आहे. देशांतर्गत पाण्यासाठी २०२१ चा अंतर्देशीय जलयान अधिनियम असून, त्यात यंत्रविरहित नौकांचाही विचार आहे. तथापि लहान होडीसाठी सागरी नियमांनी जी सवलत ठेविली आहे ती येथे सहज पाळण्यासारखी आहे. वल्ह्यांच्या होडीने बाजूचे दिवे लावले नाहीत तरी चालते. पांढऱ्या प्रकाशाची विजेरी किंवा पेटता कंदील हाताशी असावा आणि टक्कर टळेल इतक्या अगोदर तो दाखवावा. १२ मीटरांहून लहान नौकेने धुक्यात भोंग्याऐवजी कोणताही परिणामकारक आवाज केला तरी पुरतो. पत्र्याचा डबा बडविणेही त्यात बसेल. एवढे मात्र खरे की, पांढऱ्या उजेडाने दिशा कळत नाही, म्हणून शेवटी हाळीच द्यावी लागते. ‘उजवीकडे घे’ अशा हाळीचे दोन अर्थ संभवतात. ‘तू तुझ्या उजवीकडे घे, मी माझ्या’ या हाळीचा एकच.