शेळीला लस, हरणाला अभय

नोव्हेंबर २०२५ च्या मध्यास बेळगावजवळील भुतरामनहट्टी येथील कित्तूर राणी चन्नम्मा प्राणिसंग्रहालयात अवघ्या काही दिवसांत ३१ काळवीट मृत्युमुखी पडले. कळपात एकूण ३८ प्राणी होते; उरले ७. तपासणीअंती कारण म्हणून पुढे आला तो घटसर्प, म्हणजे गाई-म्हशींचा गळा सुजवून एक-दोन दिवसांत प्राण घेणारा, खेड्यातील प्रत्येक पशुपालकाला नावानिशी ठाऊक असलेला रोग. त्याच वर्षी जुलैमध्ये पुण्याच्या कात्रज येथील राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात आठवडाभरात १६ चितळ दगावले होते आणि तेथील नमुन्यांत लाळ्या-खुरकूताचा विषाणू आढळला होता. दोन्ही ठिकाणी मेलेले प्राणी रानातल्या जातीचे; त्यांना मारणारे रोग मात्र गोठ्यातले.

ही वार्ता कंधारसारख्या तालुक्यात वाचताना अधिक जवळची वाटावी अशी आहे. मन्याड नदीच्या खोऱ्यात, कंधार, लोहा, मुखेड आणि पलीकडे लातूर जिल्ह्यातील अहमदपूरच्या माळरानांवर काळविटांचे कळप आजही दिसतात. येथे त्यांच्यासाठी कुंपण घातलेले अभयारण्य नाही. हरभरा, करडई, ज्वारीची शेते, गायरान आणि बांध हेच त्यांचे रान. लोक त्यांना सरसकट ‘हरणे’ म्हणतात; शास्त्राच्या काटेकोर भाषेत काळवीट हा कुरंग वर्गातील प्राणी असून चितळ व सांबर ही खरी हरणे. परंतु रोगजंतू हा भेद पाळत नाहीत. ज्या गायरानात काळवीट सकाळी चरतो, त्याच गायरानात दुपारी उस्मानाबादी शेळ्यांचे व मेंढ्यांचे कळप येतात आणि उन्हाळ्यात ज्या डबक्यावर लाल कंधारी गाय पाणी पिते, त्याच डबक्यावर रात्री काळवीटही येतो. लाळ, शेंबूड, लेंडी आणि उष्टे पाणी यांच्या वाटेने रोगाची देवाणघेवाण सतत चालू असते.

घटसर्पाचा जिवाणू तर निरोगी जनावराच्या घशातही मुक्काम करून राहतो. पावसात भिजणे, थंडी, उपासमार, भीती, दाटीवाटी यांनी अंगची शक्ती खचली की तो उसळी घेतो. लम्पीचे उदाहरण तर सर्वांच्या डोळ्यांदेखत घडलेले आहे. २०२२ च्या सप्टेंबरात राज्य शासनाने संपूर्ण महाराष्ट्र हे या रोगासाठी नियंत्रित क्षेत्र घोषित करून गुरांचे बाजार आणि वाहतूक थांबवली होती. गाईगुरांचा मानला गेलेला हा रोग राजस्थानात बिकानेर परिसरातील मोकळ्या रानात फिरणाऱ्या चिंकाऱ्यांतही आढळल्याची नोंद शास्त्रज्ञांनी केली आहे.

सर्वांत काळजी करावी असा रोग मात्र पीपीआर, ज्याला शेळ्या-मेंढ्यांची बुळकांडी म्हणतात. भारतात त्याची पहिली नोंद १९८७ साली तमिळनाडूत झाली. ताप, नाकातून चिकट स्राव, तोंडात व्रण, हगवण, पाठोपाठ फुप्फुसांचा दाह, असा त्याचा क्रम असतो. रानात तो शिरला तर काय होते, हे मंगोलियाने पाहिले. तेथे २०१६ मध्ये शेळ्या-मेंढ्यांत हा रोग आला आणि त्याच हिवाळ्यात तो सायगा नावाच्या दुर्मीळ कुरंगांत पोहोचला. बर्फाच्छादित गवताळ प्रदेशात हजारो सायगांची कलेवरे पसरली. सायगाच्या अंगी हा रोग मुळात नव्हता. तो त्याला पाळीव कळपांकडून मिळाला.

मग रानातील प्राण्याला औषध द्यायचे कसे? प्रश्न सोपा वाटतो, उत्तर नाही. काळवीट हा अतिशय भित्रा प्राणी. जाळ्यात पकडला, हातांनी दाबून धरला, तर केवळ धास्तीने त्याचे स्नायू निकामी होऊन तो दगावू शकतो. आजाराने मेला नसता तो उपचाराने मरायचा. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचे नाव आहे आणि वन विभागाच्या परवानगीवाचून त्याला हात लावता येत नाही. ते योग्यच आहे.

येथे एक जुना इतिहास मदतीला येतो, आणि तो भारताचा स्वतःचा आहे. बुळकांडी, म्हणजे गुरांची मूळ बुळकांडी, हा शतकानुशतके गावेच्या गावे निर्गुर करणारा रोग होता. त्यात बैल मेले की पेरणी बुडे, पेरणी बुडाली की सावकाराचे खाते उघडे. हा रोग गोठ्यात थांबत नसे. गवे, चितळ, सांबरही त्याला बळी पडत. १९२० च्या दशकात हिमालयातील मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेत एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू शेळीच्या अंगातून वारंवार पुढे नेऊन सौम्य केला आणि त्यापासून लस सिद्ध केली. १९५४ साली राष्ट्रीय निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. पशुवैद्यक बर्फाच्या पेट्या घेऊन गावोगाव हिंडले. १९९५ नंतर भारतात या रोगाचा उद्रेक झाला नाही, २००६ मध्ये देश संसर्गमुक्त ठरला आणि २०११ मध्ये जगातूनच बुळकांडी संपल्याचे जाहीर झाले. देवीनंतर माणसाने पृथ्वीवरून समूळ नाहीसा केलेला हा दुसरा रोग.

यातील लक्षात घेण्याजोगी बाब अशी की रानातील गव्याला किंवा चितळाला लस टोचून हे झाले नाही. लस गाईला, म्हशीला, बैलाला दिली गेली आणि रोग रानातून आपोआप ओसरला. आफ्रिकेतील सेरेंगेटीच्या मैदानातही असेच घडले. १९६० च्या दशकात भोवतालच्या गुरांना लसी दिल्यावर तेथील विल्डबीस्टमधून बुळकांडी नाहीशी झाली आणि अडीच-तीन लाखांवर अडलेली त्यांची संख्या पुढील काही वर्षांत दहा लाखांपलीकडे गेली. एकाही विल्डबीस्टला कोणी सुई टोचली नव्हती.

याच्या उलट बाजूचे चित्र पाश्चात्त्य देशांत आहे. १९६७ साली अमेरिकेतील कोलोरॅडो येथे संशोधनासाठी बंदिस्त ठेवलेल्या हरणांत एक विचित्र व्याधी दिसली. प्राणी झिजत जातो, लाळ गाळतो, भान हरपल्यासारखा उभा राहतो आणि अखेर मरतो. त्याचे कारण जिवाणू नाही, विषाणूही नाही. प्रिऑन नावाचे विकृत घडणीचे प्रथिन आहे. ते लाळेतून, मूत्रातून, कलेवरातून मातीत उतरते आणि वर्षानुवर्षे तेथे टिकते. त्यावर ना औषध, ना लस. आज अमेरिकेतील तीसहून अधिक राज्यांत तो पसरलेला आहे. २०१६ मध्ये नॉर्वेतील नूरफिएला पर्वतप्रदेशात रानटी रेनडियरमध्ये तो आढळला, तेव्हा तेथील शासनाने त्या भागातील संपूर्ण कळपच, सुमारे दोन हजार प्राणी, २०१८ पर्यंत मारून टाकला आणि कुरणे काही वर्षे मोकळी ठेवण्याचे ठरवले. तरीही २०२० मध्ये शेजारच्या हार्दांगरविद्दा पठारावर तोच रोग पुन्हा सापडला. भारतात या व्याधीची नोंद नाही.

त्या निर्णयावर जैन वाचकाचे मन सहज स्थिरावणार नाही. सोळावे तीर्थंकर भगवान शांतिनाथांचे लांछन हरीण आहे. विवाहाच्या भोजनासाठी कोंडलेल्या प्राण्यांचा आक्रोश ऐकून भगवान नेमिनाथ वरातीतून माघारी फिरले, ही कथा प्रत्येक जैन घरातील मूल ऐकत मोठे होते. राष्ट्रकूटांच्या काळी, ज्यांच्यातील सम्राट अमोघवर्ष आचार्य जिनसेनांना गुरुस्थानी मानत असे, कंधार हे त्या राजवटीचे एक महत्त्वाचे नगर होते. अशा भूमीत ‘उरलेले वाचावेत म्हणून हे सगळे मारा’ हा हिशेब कानाला कठोर लागणारच. परंतु केवळ हळहळून नॉर्वेच्या अधिकाऱ्यांना दोष देणे हेही न्यायाचे नाही. त्यांच्या हाती लस नव्हती. आपल्या माळरानावरील काळविटांना ज्या रोगांचे भय आहे, त्यांतील बहुतेकांवर लस उपलब्ध आहे आणि ती सरकारी दवाखान्यात मिळते. अहिंसेचा मार्ग येथे उघडा आहे. तो चालण्याचे कष्ट तेवढे घ्यायचे आहेत.

हे कष्ट लहान नाहीत. लाळ्या-खुरकूत व ब्रुसेलोसिस यांच्या नियंत्रणासाठी केंद्र सरकारने २०१९ मध्ये पाच वर्षांकरिता १३,३४३ कोटी रुपयांचा कार्यक्रम मंजूर केला. घटसर्पाची लस पावसाळ्यापूर्वी द्यायची असते. पीपीआरची लस तीन-चार महिन्यांवरील करडांना एकदा दिली की सुमारे तीन वर्षे संरक्षण देते. तरीही दूरच्या तांड्यावरची, भूमिहीन कुटुंबाची चार शेळ्यांची खांडे किंवा मुक्काम बदलत फिरणारे मेंढ्यांचे कळप हमखास सुटतात. कर्जाने घेतलेल्या शेळीच्या कानात विम्याचा बिल्ला असतो, म्हणून तिची नोंद तरी होते. बाकीच्यांची नोंद कोणाच्याच वहीत नसते, आणि काळवीट गायरानात नेमके याच कळपांच्या मागोमाग चरत असतो. शेतकऱ्याला काळविटाबद्दल फारसे प्रेम असेल अशी अपेक्षाही ठेवू नये. उगवता हरभरा खुडून नेणाऱ्याची बाजू तो का घेईल? त्याला त्याच्या शेळीचे हित सांगावे. शेळी वाचली की काळविटाचे संरक्षण त्यातच झाले.

संघांच्या जीवदया खात्यात वर्षभर निधी जमतो. पर्युषणात तो वाढतो. त्यातून चारा जातो, पाणी जाते, पांजरापोळांना देणगी जाते, आणि हे सर्व पुण्याचेच आहे. लसीकरणाच्या शिबिरासाठी मात्र त्यातला पैसा क्वचितच वळतो. लस सरकारची असली तरी बर्फाची पेटी, गाडीचे इंधन, शेळ्या धरून ठेवणाऱ्या चार तरुणांची दिवसाची रोजी हा खर्च कोणीतरी करावा लागतो. लोहा तालुक्यातील माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते आणि दूरदूरची जनावरे एकत्र येतात. त्यापूर्वीच्या महिन्यात कंधार-लोहा भागातील वाड्या-तांड्यांवर असे एखादे शिबिर घेण्यास तालुक्याचे पशुवैद्यकीय अधिकारी आनंदाने साहाय्य करतील. उदगीरचे पशुवैद्यकीय महाविद्यालयही दूर नाही.

जीवदयेच्या नावाने होणाऱ्या दोन गोष्टी मात्र थांबवाव्यात. आईपासून चुकलेले पाडस घरी आणून शेळ्यांत वाढवणे आणि मोठे झाल्यावर रानात सोडणे ही त्यांतली पहिली. ते पाडस रोग सोबत घेऊन कळपात परतू शकते. असे पाडस दिसले तर दूर राहून वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. बहुधा त्याची आई जवळपासच असते. दुसरी गोष्ट मेलेल्या जनावरास ओढ्यात किंवा गायरानात टाकून देण्याची. अकस्मात मेलेले, नाकातोंडातून रक्त आलेले जनावर तर कापूही नये, कारण ती फाशी असू शकते आणि तिचे बीज मातीत कित्येक वर्षे जिवंत राहते. खोल खड्डा, त्यात भरपूर चुना आणि वर काटेरी फांद्या, एवढे केले पाहिजे. पाळीव जनावर आजारी दिसल्यास १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा क्रमांक आहे.

उन्हाळ्यातील पाणवठ्यांबद्दलही थोडा विचार करावा. माळावर सिमेंटची एकच मोठी टाकी बांधून तिच्यावर देणगीदाराचे नाव कोरण्याचा प्रघात वाढला आहे. दुष्काळात अशा टाकीवर गुरे, शेळ्या, कुत्री, काळवीट सारेच एकवटतात आणि एका आजारी जनावराची लाळ सर्वांच्या तोंडी जाते. एका मोठ्या टाकीऐवजी वस्तीजवळ गुरांसाठी एक आणि रानाच्या कडेला, वाटेपासून लांब, दोन-तीन उथळ कुंडे केली तर गर्दी विभागली जाते. पंधरा दिवसांतून एकदा ती पूर्ण रिकामी करावीत, तळ घासून वाळू द्यावा, आतून चुना लावावा आणि चुना सुकल्यावरच ताजे पाणी भरावे.