लाकडातली नक्षी : हात सुताराचा, हिशेब व्यापाऱ्याचा

वणीच्या बाजारात कपड्याचा गठ्ठा खांद्यावर टाकून फिरता फिरता माझी उमर गेली. सप्तशृंगी गडाजवळचे हे गाव. चैत्रात आणि नवरात्रात यात्रेची गर्दी, एरवी कांदा-द्राक्षांची उलाढाल. गावच्या एका सुतारभाऊंचा मात्र धंदा बसत चालला होता. तयार प्लायवूडचे फर्निचर आले, दारे-खिडक्या लोखंडाच्या झाल्या. एक दिवस ते म्हणाले, "शेठ, हात आहेत, पण हाताला काम नाही." तेथून ही गोष्ट सुरू झाली.

चिप कार्व्हिंग म्हणजे छोट्या सुरीने लाकडातून तिकोनी ढलपी काढत नक्षी उठवणे. हातोडी-पटाशीचा ठोका नाही, मोठे यंत्र नाही. एक सुरी कापायची, एक टोचायची, एक धार लावायचा दगड आणि चामड्याचा पट्टा, एवढे सामान पुरते. सुरी तिरपी धरून तीन बाजूंनी काप द्यायचे. तिन्ही काप खाली एका बिंदूत मिळाले की ढलपी आपोआप सुटते. युरोपात हे जुने हुन्नर आहे. स्वित्झर्लंडच्या ब्रीन्झ गावात लाकूड-कोरीव कामाची शाळा १८८४ पासून चालू आहे. आपल्याकडे सहारनपूरचे कारागीर शिसवीवर नक्षी काढतात, पण ते काम पटाशीचे.

लाकूड मऊ, बारीक रेषांचे आणि पूर्ण वाळलेले हवे. आपल्या भागात शिवण चांगली. सागवान कोरता येते, पण नवशिक्याची सुरी त्यात अडते. लाकूड पावतीसह, परवानाधारक वखारीतूनच घ्यावे. महाराष्ट्रात झाडतोडीचा कायदा १९६४ पासून आहे. चार पैसे वाचवायला जाऊन माल जप्त व्हायला नको.

खाका कसा उतरवावा?

खरे काम येथे आहे. जरीवाले कारागीर बटर पेपरवर नक्षी काढून रेषेवर सुईने भोके पाडतात आणि खडूची भुकटी रॉकेलमध्ये कालवून कापडावर घासतात. लाकडावर कोरडी भुकटी चालते. मग पेन्सिलीने ठिपके जोडावेत. दुसरा मार्ग कार्बन पेपरचा, पण हात हलका ठेवावा. फुलासाठी तर कागदही नको. कंपासने वर्तुळ काढा, तेवढ्याच मापाने परिघावर सहा खुणा करा, प्रत्येक खुणेवरून कमान फिरवा. सहा पाकळ्या तयार.

तिसरा मार्ग झेरॉक्सचा. झेरॉक्स पालथी ठेवून वरून गरम इस्त्री फिरवली की शाई लाकडावर उतरते. येथे मी फसलो. एका गिऱ्हाइकाने दाराची उर्दू नावपाटी सांगितली होती. आम्ही कापडवाले ठशाला सरावलेले. ठशावर नक्षी उलटी असते, म्हणून कापडावर सुलटी येते. मी विचार न करता सरळ झेरॉक्स दिली, सुतारभाऊंनी भरवशाने कोरली आणि पूर्ण नाव उलटे झाले! दिवसभराची मेहनत वाया. चूक माझी होती, मजुरी मी दिली. तेव्हापासून नियम केला : इस्त्रीने उतरवायचे असेल तर झेरॉक्स उलटी काढावी आणि कोरण्याआधी आरशात बघून घ्यावी.

हिशेब

कारागीर स्वतःच्या वेळेचे पैसे धरत नाही, हे मी नेहमी पाहतो. समजा, एका रेहलला लाकूड १२० रुपये, पॉलिश ३० आणि सहा तास काम. आठ तासांची मजुरी ६०० धरली तर ४५० झाले. एकूण ६००. दुकानदाराचे पंचवीस टक्के म्हणजे १५०, विक्री ७५०. यंत्रावरची रेहल याहून स्वस्त मिळेल. म्हणून यंत्राशी भावात झुंज देऊ नये. यंत्राचा माल हजार जणांचा एकच असतो. आपण गिऱ्हाइकाच्या नावाची, त्याच्या पसंतीच्या नक्षीची वस्तू द्यावी. आधी निम्मी रक्कम घ्यावी. उधारीने चांगले कारागीर बुडालेले मी पाहिले आहेत.

भांडवलासाठी प्रधानमंत्री विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. तिच्या अठरा व्यवसायांत सुतारकाम आहे. तालीम घेताना रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० पर्यंत आणि पाच टक्के व्याजाने तारणाशिवाय पहिले कर्ज एक लाखापर्यंत, अशी तिची रचना आहे. एका घरातून एकालाच लाभ मिळतो. चौकशी जवळच्या कॉमन सर्व्हिस सेंटरवर करावी.

सुतारभाऊंचे काम आता नावपाट्या, मसाल्याचे डबे आणि रेहलींवर चालते. श्रीमंत झाले नाहीत, पण गाव सोडून जायची गोष्ट आता काढत नाहीत. ती उलटी पाटी माझ्या दुकानात टांगली आहे. हिशेब मांडताना रोज नजर जाते.